हिशेबी माणसाचे आत्मचरित्र

शेअरबाजाराच्या सट्ट्याला अभ्यासाची शिस्त लावणारे बेंजामिन ग्रॅहम १८९४ साली लंडनमध्ये जन्मले व न्यूयॉर्कमध्ये वाढले. वडील लवकर वारले. १९०७ च्या घबराटीत आईची पुंजी बुडाली. १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे इंग्रजी, गणित व तत्त्वज्ञान हे तिन्ही विभाग त्यांना अध्यापनासाठी बोलावीत होते. घरची ओढगस्त पाहून ते वॉल स्ट्रीटवर गेले. (कलाशाखेचे नुकसानच म्हणायचे!) १९७६ मध्ये ते निवर्तले, आत्मचरित्र निघाले १९९६ साली. नफ्याची गुरुकिल्ली शोधणारा वाचक ते वाचून हिरमुसतो, कोणी नाक मुरडतो. मला मात्र ते भावते. कंपन्यांच्या ताळेबंदातील झाकलेली देणी हुडकणाऱ्या या गृहस्थाने फसलेले संसार, परस्त्रीसंबंध, स्वभावातील कोरडेपणा, काहीच झाकले नाही. आयझॅक न्यूटन असे नाव ठेवलेला थोरला मुलगा बालपणीच गेला, तेही त्यात आहे.