लक्ष्मीबाई टिळक : दोनदा मांडलेला संसार

आपल्या महाराष्ट्रात थोर स्त्रिया पुष्कळ होऊन गेल्या. कोणी राज्य चालवले, कोणी शाळा काढल्या, कोणी डॉक्टर झाल्या. त्यांची चरित्रे वाचून आपली मान ताठ होते. पण त्याबरोबर, हे आपल्यासारखीला कुठले जमायला, असेही मनात येते. लक्ष्मीबाई टिळकांचे तसे नाही. त्या शाळेत गेल्या नाहीत. जोडाक्षर लिहिताना त्यांचा हात अडखळत असे. आयुष्यभर त्यांनी चूल, मूल, पाहुणे आणि टंचाई हेच पाहिले. तरी त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे सांगण्यात आले, तेव्हा लिहायचे तर या बाईंवरच, असे मी ठरवले.

एक गोष्ट आधीच सांगते. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या. आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींचे देव वेगळे, सण वेगळे. मग हे चरित्र आपण का वाचावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या लेखातच आहे. संसाराला पाया कसला लागतो, हा प्रश्न कोणत्या एका धर्माचा नाही. तो प्रत्येक घरातला आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर संशयावरून फाशी झाली होती. त्या प्रसंगाचा मनूच्या वडिलांनी असा धसका घेतला की, त्यांच्या सोवळ्याला पुढे काही धरबंधच राहिला नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू घरात धुऊन घ्यायची. मीठ-साखरदेखील त्यातून सुटत नसे! आता आपण हसतो, पण ज्या माउलीला त्या घरात चूल पेटवायची होती तिचे काय हाल झाले असतील याचा विचार करावा. मनू अशा घरात वाढली. शिवल्याने विटाळ होतो ही गोष्ट तिच्या हाडीमासी मुरली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या कथेत याचे महत्त्व आहे.

वयाच्या ११ व्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. बुद्धी मोठी, संस्कृतचा अभ्यास मोठा, काव्य तर ओठावर. पण पायाला भिंगरी. आज इथे, उद्या तिथे. नोकरी धरायची आणि सोडायची. न सांगता घरातून निघून जायचे आणि कधीतरी अचानक परत यायचे. हातात पैसा आला की तो मागणाऱ्याच्या हातात जायचा. घरात निकड असताना पैसे घेऊन बाजारात गेलेले टिळक भलतीच वस्तू घेऊन येत आणि आपण काय थोर खरेदी केली म्हणून आनंदात असत. पुरुष वाईट नव्हता, व्यसनी नव्हता, मनाने तर लोण्यासारखा; पण राग आला की भडकायचा आणि घटकाभराने पुन्हा विरघळायचा. अशा माणसाशी संसार करणे म्हणजे काय, हे ज्या बाईने केले तिलाच ठाऊक. त्यातच लक्ष्मीबाईंच्या पहिल्या लेकरांना अगदी लहानपणी देवाज्ञा झाली. १८९१ साली दत्तूचा जन्म झाला आणि तो जगला. हेच पुढे देवदत्त नारायण टिळक म्हणून प्रसिद्धीस आले.

टिळकांच्या मनाला धर्माविषयीची तळमळ होती. जातिभेदाने समाज पोखरला आहे, याला औषध काय, असे विचार त्यांच्या डोक्यात सतत चालत. एकदा आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. ते टिळकांनी वाचले, त्यावर विचार केला, आणि शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा काय झाले असेल! त्या काळी धर्म सोडलेला नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कपाळी कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, पण पतीच्या हातचे पाणी चालत नाही. त्या शोकाने आजारी पडल्या. लहान दत्तूला घेऊन त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. चंद्रभागेच्या काठी राहून त्या विठोबापाशी आपले गाऱ्हाणे मांडीत असतील. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागल्या. अक्षरओळख जेमतेम, पण दुःखाने मनाला वाचा फोडली.

ही ताटातूट साडेचार-पाच वर्षे चालली. लोकांनी दोन्ही बाजूंनी सल्ले दिले. इकडचे म्हणत, त्याचे नाव टाक. तिकडचे म्हणत, बायको आहे, तिला यावेच लागेल. शेवटी लक्ष्मीबाईंनी आपला निर्णय आपण घेतला. त्या अहमदनगरला टिळकांकडे राहायला गेल्या, पण धर्म न बदलता. आपले सोवळे त्यांनी वेगळे ठेवले. आपला स्वयंपाक आपण, आपले पाणी आपले. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. माझ्या मते टिळकांच्या साऱ्या आयुष्यातले हे मोठे काम आहे. तापट माणूस, नव्या धर्माचा नवा उत्साह, आणि तरी त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. एका घरात दोन धर्म नांदले.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातही विचार सुरू झाला. तो पुस्तके वाचून आलेला नव्हता. रोजच्या व्यवहारातून आलेला होता. जात ही देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने नर आणि मादी केले, मग माणसातच इतके उंचनीच कुठून आले? या विचाराचा शेवट त्यांना एक दिवस सापडला आणि त्यांनी त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. ज्या मुलीच्या माहेरी मीठ-साखर धुतली जात होती, तिने हे केले! शेजारीपाजारी काय म्हणतील याची भीती पुरुषापेक्षा बाईला अधिक. कारण पाणवठ्यावर तिलाच जायचे असते. लक्ष्मीबाईंनी ती भीती टाकली. मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवऱ्याने घेतला म्हणून नव्हे. तसे असते तर पाच वर्षे लागली नसती.

बायबलात दोन घरांचा एक दृष्टान्त आहे. एक शहाणा माणूस खडकावर घर बांधतो, दुसरा वाळूवर. पाऊस पडतो, पूर येतो, वारा सुटतो. खडकावरचे घर टिकते, वाळूवरचे कोसळते. येशूने सांगितलेला हा दृष्टान्त आपल्या गावाला समजावून सांगायला नको. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा नदीकाठच्या भगिनींनी लेकरांना आणि भांड्याकुंड्यांना घेऊन घर सोडले होते. त्या दृष्टान्तात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पूर दोन्ही घरांना येतो. देवावर श्रद्धा ठेवली म्हणून पाऊस चुकत नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तर बाप्तिस्म्यानंतरही संकटे थांबली नाहीत.

पैशाची ओढ तशीच होती. टिळकांचे देणे वाढतच गेले. पाहुणा कधी सांगून यायचा नाही. राहुरी व नगर या भागात दुष्काळाने पोरकी झालेली, कोणाला नकोशी झालेली मुले टिळकांच्या घरी येत आणि राहत. त्यांना अंघोळ घालणे, खरूज धुणे, उवा काढणे, घास भरवणे हे कोणी करायचे? कविता टिळकांनी केल्या, पण भाकरी लक्ष्मीबाईंनी थापल्या. दत्तूच्या पाठीवर घरात मुलगी तारा होती. तिच्याबरोबरीने ही परकी मुले वाढली. जी बाई कोणे एके काळी दुसऱ्याच्या सावलीला जपत होती, तीच आता कोणाच्याही लेकराला पोटाशी धरू लागली. श्रद्धा बदलली असे आपण म्हणतो. खरी ओळख पटते ती अशा ठिकाणी.

आपले आवडते बालकवी ठोमरे यांनाही याच घराने काही काळ आसरा दिला. त्या हळव्या मुलाचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सोसले. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा त्यांना घरचेच मूल गेल्याचे दुःख झाले असेल.

टिळक 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक पाहत, 'ज्ञानोदय' पत्रातही लिहीत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंगाच्या वळणाची भजने रचली. ख्रिस्ती होणे म्हणजे विलायती होणे नव्हे, तुकोबा-ज्ञानोबांची वाट सोडणे नव्हे, असे त्यांचे मत होते. लक्ष्मीबाईंनीही आपली साडी, आपली भाषा, आपली खाण्याची रीत सोडली नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले, 'देवाचा दरबार' म्हणून नवा मेळावा सुरू केला आणि साताऱ्यास बिऱ्हाड नेले. म्हणजे ठरलेले उत्पन्न गेले! पन्नाशीला टेकलेल्या बाईने पुन्हा नव्या गावी चूल मांडली. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला.

आता लक्ष्मीबाई खऱ्या अर्थाने एकट्या झाल्या. १८९५ साली नवरा गेला तेव्हा तो कधीतरी भेटेल अशी आशा होती. आता ती नव्हती. पण १८९५ ची लक्ष्मी आणि १९१९ च्या लक्ष्मीबाई यांत फरक होता. पहिल्या वेळी त्यांचा सारा आधार नवरा आणि जात या दोन गोष्टींवर होता. त्या दोन्ही एका दिवसात हलल्या आणि त्या कोसळल्या. दुसऱ्या वेळी आधार आतला होता. दुःख झाले, पण त्या मोडल्या नाहीत. मुलांच्या संसारात राहिल्या, काही वर्षे कराचीलाही राहून आल्या, आणि उतारवयात लेखणी हाती घेतली.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतले होते. त्यांचे सुमारे ११ अध्याय झाले आणि ते काम अर्धवट राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. ज्या बाईला शुद्ध लिहिता येत नव्हते तिने हे केले. आपल्या आजीला, आईला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, त्यांनाही कुठे लिहिता येत होते? ओवी ही बायकांच्या गळ्यातलीच. लक्ष्मीबाईंनी तीच ओवी येशूच्या चरित्राला लावली.

देवदत्त वडिलांचे चरित्र जमवीत होते. आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्यात असा त्यांनी आग्रह धरला, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्मले. पहिला भाग १९३४ साली निघाला, चौथा १९३६ साली. त्यात त्यांनी नवऱ्याला देव केले नाही आणि राक्षसही केले नाही. त्याचे विक्षिप्तपण हसत हसत सांगितले, आणि स्वतःचे हट्टही तितक्याच मोकळेपणाने सांगितले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला. पुढे या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरे झाली आणि विजया मेहता यांनी त्यावर चित्रपटही केला.

भगिनींनो, आपले गाव मागाचे. घरात माणसे मागावर जातात, कोणी कांड्या भरते, कोणी दोन घरची धुणीभांडी करते. सूत तुटले की माग थांबवावा लागतो आणि गाठ मारून पुन्हा सुरू करावा लागतो, हे आपल्या पोरांनाही कळते. लक्ष्मीबाईंनी तुटलेला संसार असाच जोडला. गाठ मारायला त्यांनी पाच वर्षे घेतली, पण ती पक्की मारली. त्यांच्या गाठीत येशूवरची श्रद्धा होती, नवऱ्याविषयी क्षमा होती, आणि आपले डोके आपण चालवायचे हा बाणा होता. यातली पहिली गोष्ट ज्याच्या त्याच्या मनाची. विठोबा, अंबाबाई, बुद्ध, अल्ला, येशू, ज्याने त्याने आपल्या जागी खरेपणाने राहावे. बाकीच्या दोन मात्र कोणत्याही घरात कामी येतील.

आणखी एक शिकण्यासारखे आहे. घरात नवरा-बायकोचे, सासू-सुनेचे, आई-मुलाचे मत जुळत नाही, असे आजही होते. मुलगा दुसऱ्या जातीतली सून आणतो, मुलगी वेगळे काही ठरवते. लगेच आपण दार लावतो. टिळक पतिपत्नींनी एका छपराखाली दोन चुली चालवल्या, पण दार लावले नाही. वाट पाहिली. विचाराला वेळ दिला. ज्या घरात एकमेकांना विचार करायला वेळ मिळतो, ते घर खडकावर आहे असे समजावे.

मंडळाच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' ची एक प्रत असावी अशी माझी चालकांना विनंती आहे. दुपारच्या बैठकीत एकीने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. हसूही येईल आणि डोळ्यांना पदरही लावावा लागेल.