लाकडाचे वैद्य सोंटी कामेशम

आमच्या मोहगावाकडे सागास मोठा मान आहे, कारण वाळवी त्यास सहसा शिवत नाही. परंतु साग महाग. आणि साध्या लाकडाचा खांब जमिनीत पुरला, की थोड्याच पावसाळ्यांत तो बुडाशी कुजतो. हीच अडचण एके काळी रेल्वे व तारखाते यांच्यापुढेही होती. तिच्यावर उपाय शोधणारे सोंटी कामेशम डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करीत. लाकडाच्या व्यवसायात जगभर परिचित असलेले हे नाव आपल्या मुलांच्या कानी क्वचितच पडते.

सोमल किडीस व मोरचूद बुरशीस मारक, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण पावसाच्या पाण्याबरोबर ही विषे लाकडातून धुऊन जात. कामेशम यांनी प्रथम जर्मन कवकशास्त्रज्ञ रिचर्ड फाल्क यांच्यासह आर्सेनिक व डायक्रोमेट यांचे मिश्रण सिद्ध केले आणि १९३३ साली त्यास मोरचुदाची जोड दिली. बंद टाकीत लाकडातील हवा काढून घेऊन हे द्रावण दाबाने आत शिरवितात. तेथे डायक्रोमेटमधील क्रोमियमचे रूप पालटते व ते तांबे आणि आर्सेनिक यांना लाकडाच्या तंतूंत जखडून टाकते. विष नवे नव्हते. त्यास जागच्या जागी बांधून ठेवण्यातच कामेशम यांची खरी बुद्धिमत्ता दिसते, असे आम्हांस वाटते. आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून मिश्रणाचे नाव पडले ‘ॲस्कू’.

१९३८ साली त्यांस अमेरिकेत पेटंट मिळाले. तारांचे खांब टिकू लागले. पुढे त्या देशात घरांचे ओटे, कुंपणे, एवढेच नव्हे तर मुलांचे झोपाळेही या हिरवट लाकडाचे झाले.

मात्र हे बंधन पुरते पक्के नव्हते. थोडे आर्सेनिक पावसाने मातीत झिरपते, हातांस लागते. आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास त्याने कर्करोग संभवतो. म्हणून अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबविला. २००४ साली युरोपातही निर्बंध आले.

सर्वांत घातक ते असे लाकूड जाळणे. धुरात विष उतरते व उरलेले राखेत साठते. अशी राख चाटून गुरे दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. जुना खांब तर उन्हापावसाने करडा पडतो व हिरवी झाक दिसेनाशी होते, तेव्हा मोडक्या खांबाचे सरपण चुलीत घालण्यापूर्वी तो कोठून आला याची चौकशी केलेली बरी.