पंडिता रमाबाई : लेक कडेवर घेऊन शिकलेली आई



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठव, असा निरोप आला होता. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या लिहिणारे आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. यंदाच्या मेळाव्यात आपण एकल पालकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी सुरू करतो आहोत. तो ठरला तेव्हापासून माझ्या मनात एका बाईंचं चरित्र घोळतं आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी होत्या. शारदा सदन कोणी काढलं, या प्रश्नाला आपण पंडिता रमाबाई असं लिहिलं, एक गुण मिळवला आणि पुढे गेलो. त्या स्वतः एकट्या आई होत्या, हे मला चाळिशी आल्यावर कळलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये अशा काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ इथे जाऊन राहिले. रमाबाई तिथेच जन्मल्या. आईनेच त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रांमधून पायी फिरत राहिलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील गेले, मागोमाग आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दुष्काळात माणसं कशी तुटतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

दोघं भावंडं अर्धा हिंदुस्थान पायी तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रावर चर्चा करते, हे पाहून तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. पुढच्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले.

आता हिशेब बघा. वय तेवीस. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. आईवडील नाहीत, भाऊ नाही, आंतरजातीय लग्न केल्यामुळे जातीचा आधार नाही. जवळ होती ती फक्त विद्या.

रमाबाई मनोरमाला घेऊन पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळायला हवं, असं मांडलं. स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी विलायतेला जायचं, तर जहाजाच्या भाड्याचे पैसे कुठून आणायचे? त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा केला. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या इंग्लंडला निघाल्या.

तिथे वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्राने पुढे त्यांना दूर ठेवलं त्याचं मोठं कारण हे. पण आसरा दिला म्हणून डोकंही दिलं, असं त्यांनी केलं नाही. धर्माच्या बाबतीत त्या आपल्या गुरूंशी वाद घालत राहिल्या आणि मनोरमेला कसं वाढवायचं यावरही आपला शब्द त्यांनी सोडला नाही. कान अधू होत चालल्यामुळे डॉक्टर होणं राहून गेलं. मग चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. शिका आणि कमवा, दोन्ही एकाच छपराखाली, लेकराला सांभाळून.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. रमाबाई मग दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिल्या. बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं, गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या हजारो प्रती खपल्या. या काळात मनोरमेला मात्र त्यांना इंग्लंडला परत पाठवावं लागलं. कामासाठी लेकरू दूर ठेवणाऱ्या आया आपल्याकडेही आहेत. ऊसतोडीला जाताना मुलांना आजीपाशी ठेवून जाणारीला हे लगेच कळेल.

मला या चरित्रात सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह काढायचं, हा उद्देश. पैसा कसा उभा केला? शहराशहरांत रमाबाई मंडळं निघाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षं देत राहायचा. मोठे देणगीदारही होते, पण पाया या डॉलरचा होता. एखादी भारावलेली सभा, टाळ्या आणि थैली यावर त्या विसंबल्या नाहीत. मुलीचं शिक्षण एका वर्षात होत नाही, म्हणून देणाऱ्यानेही एका वर्षात सुटायचं नाही, असा तो करार होता.

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. तिथे राहणं, जेवण आणि शिक्षण एकत्र होतं. मुलींनी आपापले आचार पाळावेत, धर्माची सक्ती नाही, असा संस्थेचा नियम होता. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. सदन रिकामं व्हायच्या बेताला आलं, पण बंद पडलं नाही.

त्याच १८९३ साली गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही लहान मुलगा पदरात असलेल्या विधवा. पंचविशीनंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केलं, तेच आजचं एसएनडीटी. एका विद्यार्थिनीला दिलेला आधार कुठवर पोहोचतो, ते यावरून कळतं.

दहा वर्षांचा करार संपणार हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. वर्गणी थांबली तर बागेचं उत्पन्न यावं, हा विचार. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायला जागा लागली ती हीच बागेची जमीन. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. ज्या मुलीचं घर एका दुष्काळाने मोडलं होतं, ती वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात इतरांचं घर झाली. केडगावला मुली लिहायला-वाचायला शिकल्या, तसं विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या, शेती आणि दूधदुभतं सांभाळायला शिकल्या.

मनोरमा शिकून आईच्या हाताशी आली. शारदा सदनाचा कारभार तिने पाहिला. १९१२ च्या सुमारास मायलेकींनी गुलबर्ग्याला शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आपल्या बीडसारखंच. मराठवाड्यात मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा चाळीस वर्षांची असताना गेली. जिला कडेवर घेऊन सगळा प्रवास केला तीच आधी गेली. रमाबाईंनी तिच्यानंतर वर्षही काढलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचं निधन झालं.

हे सगळं आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असं कुणी विचारेल. माझे वडील मी सातवीत असताना गेले, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. आई शिलाईकाम करायची. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा फीमध्ये सवलत होती. अडलं ते मेसच्या पैशांवर, आणि दाखल्यांसाठी आईला बुडवाव्या लागणाऱ्या दिवसांवर. एका कार्यालयात तिला तीनदा परत पाठवलं, कारण अर्जावर वडिलांची सही नव्हती. ते हयात नाहीत हे तिने तिन्ही वेळा सांगितलं होतं.

तेव्हा आपल्या शाळेतल्या एका बाईंनी दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या नावाने तीनशे रुपयांची मनिऑर्डर पाठवली. एक वर्ष नाही, चार वर्षं. एकदाही चुकवली नाही आणि एकदाही मार्क विचारले नाहीत. त्यांना नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. त्या मेळाव्याला येतील आणि हे वाचून मला रागावतील.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफीही आहे. तरी ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटी बाई म्हणजे अर्धा. उचल जोडीला मिळते. अर्ध्या कोयत्याच्या घरातल्या मुलीला फी माफ झाली, तरी खोलीचं भाडं, बसचा पास आणि परीक्षेच्या वेळचं जेवण राहतंच.

म्हणून निधीबद्दल माझं म्हणणं सांगते. मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन एकदाच मोठा धनादेश देण्यापेक्षा प्रत्येकाने दरवर्षी झेपेल तेवढी रक्कम द्यावी आणि दहा वर्षं द्यावी. मूल कॉलेजला लागलं की शेवटच्या परीक्षेपर्यंत त्याला सोडू नये. अर्ज एक पानी असावा, आणि त्यावर आईची सही पुरेशी असावी. कागदपत्रांसाठी आईला तालुक्याला खेपा घालायला लावू नयेत. आपल्यापैकी जे बीडला, अंबाजोगाईला, माजलगावला आहेत त्यांनी तिच्या घरी जावं. आणि आईला स्वतःला शिकायचं असेल, शिवणाचा किंवा नर्सिंगचा कोर्स करायचा असेल, तर तिचाही अर्ज घ्यावा. रमाबाई आई झाल्यावर शिकायला निघाल्या होत्या.

हिशेबाचं सॉफ्टवेअर मी तयार करून देते, तेवढं मला येतं. पहिल्या वर्षाची माझी रक्कम मेळाव्याच्या दिवशी भरते. पुढच्या नऊ वर्षांची आठवण मला करून द्यायची जबाबदारी तुमची.

तुमची वर्गमैत्रीण