दहा दिनार

जगाच्या इतिहासावरच्या क्विझमध्ये एक प्रश्न हमखास येतो: ११८७ साली जेरुसलेम कोणी जिंकलं? परवा तो मलाही आला. बझर दाबला, सलाउद्दीन म्हटलं, दहा गुण मिळाले. पण मी कॅथलिक घरातली. लहानपणापासून प्रार्थनेत ऐकलेलं जेरुसलेम ज्याने ख्रिस्ती लोकांकडून घेतलं, त्याच्याबद्दल मला नावापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून वाचायला बसले.

सलाउद्दीन कुर्द घराण्यातला. जन्म आजच्या इराकमधल्या तिक्रीतचा, साल ११३७ किंवा ११३८. वडील अय्यूब आणि काका शिर्कुह, दोघेही सिरियाच्या नुरुद्दीनच्या चाकरीत. काकांबरोबर तो इजिप्तच्या मोहिमेवर गेला आणि ११६९ मध्ये काका वारल्यावर तिथला वजीर झाला. दोन वर्षांत त्याने फातिमी खिलाफत संपवली. ११७४ मध्ये नुरुद्दीन वारला आणि दमास्कसही त्याच्या हाती आलं. पुढची कित्येक वर्षं तो मुसलमान सत्ताधीशांशीच जास्त लढला, हे क्विझमध्ये कोणी विचारत नाही. आणि तो नेहमीच जिंकला असंही नाही. ११७७ मध्ये माँजिसारला, कुष्ठरोगाने ग्रासलेल्या सोळा वर्षांच्या राजा चौथ्या बाल्डविनने त्याला सपाटून हरवलं.

मग आली ४ जुलै ११८७ची हत्तीनची लढाई. कडक उन्हाळा. गालील सरोवर जवळच, पण पाण्याची वाट सलाउद्दीनच्या सैन्याने अडवलेली. तहानेने व्याकुळ झालेल्या ख्रिस्ती फौजेभोवतालचं सुकं गवत त्यांनी पेटवून दिलं. राजा गी पकडला गेला. येशूचा खरा क्रूस म्हणून पूजला जाणारा अवशेषही गेला. सलाउद्दीनने राजाला गार पाणी दिलं. शस्त्रसंधी मोडून काफिले लुटणाऱ्या रेनॉल्डला मात्र त्याने स्वतःच्या तलवारीने मारलं, आणि पकडलेल्या टेम्पलर व हॉस्पिटलर योद्ध्यांची मुंडकी उडवायला लावली. हे लपवून त्याला संत करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर जेरुसलेमला वेढा पडला. १०९९ मध्ये आपल्या धर्माच्या फौजांनी हेच शहर जिंकलं तेव्हा आतल्या मुसलमान आणि ज्यू लोकांची कत्तल केली होती. सलाउद्दीनही सुरुवातीला तशाच सूडाची भाषा करत होता. शहराचा बचाव करणारा बेलियन भेटीला आला आणि म्हणाला की तसं असेल तर आम्ही आतले मुसलमान कैदी मारू, पवित्र स्थळं पाडू आणि मग मरू. शेवटी घासाघीस होऊन सौदा ठरला. पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच, मुलामागे त्याहून कमी. चाळीस दिवसांत पैसे भरा आणि सुखरूप जा. २ ऑक्टोबरला शहर त्याच्या ताब्यात आलं. कत्तल झाली नाही.

पण दहा दिनार गरिबाने आणायचे कुठून? बेलियनने ठोक रक्कम भरून हजारो गरिबांना सोडवलं. सलाउद्दीनच्या भावाने हजार माणसं मागून घेतली आणि मोकळी केली. सलाउद्दीनने स्वतः म्हाताऱ्यांना तसंच जाऊ दिलं. तरीही हजारो लोक गुलामीत गेले. त्याच वेळी जेरुसलेमचे पेट्रिआर्क हेराक्लियस स्वतःचे दहा दिनार भरून चर्चचा खजिना घेऊन बाहेर पडले. हा खजिना अडवा, असं सरदारांनी सलाउद्दीनला सुचवलं. शब्द दिलाय, म्हणून त्याने नाही म्हटलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. सलाउद्दीनपेक्षा मला त्या गाड्यांची लाज वाटली. त्या सोन्याने किती माणसं सुटली असती!

येशूच्या कबरीवरचं चर्च पाडावं असंही काहींनी सांगितलं होतं. त्याने ते पाडलं नाही. पुढे इंग्लंडचा राजा रिचर्ड आला. ११९१ मध्ये त्याने आक्रे घेतलं आणि अडीच हजारांहून जास्त मुसलमान कैदी कापून काढले. त्यानंतर सलाउद्दीनच्या हाती लागलेल्या कित्येक ख्रिस्ती कैद्यांनाही जीव गमवावा लागला. तरी सप्टेंबर ११९२ मध्ये दोघांनी तह केला. जेरुसलेम सलाउद्दीनकडेच राहिलं, पण निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मोकळी झाली.

४ मार्च ११९३ रोजी तो दमास्कसला तापाने वारला. त्याच्या खाजगी तिजोरीत एक सोन्याचा दिनार आणि सत्तेचाळीस चांदीचे दिरहम निघाले. म्हणजे जेरुसलेमच्या भावाने बघितलं तर स्वतःला सोडवण्याइतकेही पैसे त्याच्याकडे नव्हते.

शंभरेक वर्षांनी दान्ते या कॅथलिक कवीने आपल्या नरकात अनेक पोपना टाकलं, पण सलाउद्दीनला नरकाच्या वेशीवर, जिथे यातना नाहीत तिथे, सज्जन परधर्मीयांमध्ये जागा दिली. तोही थोडा एकटा, बाजूला उभा. मला ती जागा बरोबर वाटते. क्विझमध्ये तो प्रश्न पुन्हा आला तर उत्तर तेच देईन. फक्त दहा गुण घेताना ते दहा दिनार आठवतील.