गोठ्याशी नाते राखणारा रसायनशास्त्रज्ञ

१९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मुख्यत्वे गुरांची वैरण टिकविण्याच्या पद्धतीसाठी दिले गेले, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्याचे मानकरी आर्तुरी इल्मारी विर्तानेन १८९५ मध्ये हेलसिंकी येथे जन्मले. फिनलंडचा हिवाळा दीर्घ. गुरे महिनोन्‌महिने गोठ्यात बांधलेली. उन्हाळ्यातील हिरवा चारा मुरवून ठेवावा, तर तो अनेकदा कुजे, त्यातील प्रथिने नष्ट होत आणि दुर्गंधी दुधालोण्यात उतरे. लोण्याच्या निर्यातीवर जगणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात सर्वस्व पणाला लागे.

व्हालिओ या सहकारी दुग्धसंस्थेच्या प्रयोगशाळेत विर्तानेन यांनी या नासाडीचे मूळ शोधले. लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जीवाणू मुरघास राखतात. परंतु ते आम्ल पुरेसे साचेपर्यंत घातक जीवाणू आपला डाव साधतात. तेव्हा चारा भरतानाच त्यावर हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्लांचे सौम्य द्रावण शिंपडून त्यांनी सामू ४ च्या खाली आणला. नासाडीला पायबंद बसला. ही पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘एआयव्ही’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे या दाहक आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली.

१९७३ मध्ये विर्तानेन निवर्तले. आज आपल्याकडे मुरघासात गूळ, मळी किंवा जीवाणूंचे संवर्धन मिसळतात, त्यामागेही आम्लता लवकर वाढावी हाच हेतू असतो. शेणामातीत उतरल्याने विद्येचे तेज उणावत नाही, याची साक्ष हे जीवन देते.