बिशप लेस्ली न्यूबिगिन : बदलत्या जगातला एक नम्र साक्षीदार

१९७४ साली मद्रासहून एक वयस्कर जोडपे आपल्या मायदेशी, इंग्लंडला परत निघाले. नवरा नुकताच बिशपपदावरून निवृत्त झालेला. विमानाने सहज जाता आले असते, पण दोघांनी रस्त्याने जायचे ठरवले. मिळेल त्या साध्या बसने, दोन सुटकेस आणि पाठीवरची एक पिशवी घेऊन ते देशामागून देश ओलांडत गेले. तुर्कस्तानात ते कप्पदुकियाला पोहोचले. चौथ्या शतकात मोठमोठे ख्रिस्ती शिक्षक घडवणारा हा प्रदेश. पण त्या रविवारी त्यांच्याबरोबर उपासना करायला एकही ख्रिस्ती माणूस सापडला नाही. नवराबायकोने दोघांनीच उपासना केली. एके काळी भरभराटीला आलेली मंडळीसुद्धा पुसली जाऊ शकते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले.

ते होते बिशप लेस्ली न्यूबिगिन आणि त्यांची पत्नी हेलन.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आपण कोणाजवळ प्रभू येशूविषयी बोलू लागलो की एक उत्तर हमखास ऐकायला मिळते : तुझ्यासाठी ते सत्य असेल, माझे सत्य वेगळे आहे. बोलणारा रागावलेला नसतो, उलट हसून बोलतो. आणि आपण गप्प बसतो. या गप्प बसण्यावर न्यूबिगिन यांनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे विचार केला. त्यांची तयारी मात्र आपल्या भारतात झाली होती.

लेस्ली यांचा जन्म ८ डिसेंबर १९०९ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडील जहाज व्यवसायात होते. १९२८ साली केंब्रिजला शिकायला गेले तेव्हा लेस्ली यांचा विश्वास जवळजवळ उरलेला नव्हता. तिथे त्यांनी आधी भूगोल आणि मग अर्थशास्त्र घेतले. विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीतले काही मित्र भेटले आणि त्यांचे जीवन पाहून ते विचारात पडले. उन्हाळ्याच्या सुटीत ते दक्षिण वेल्समध्ये बेकार खाणकामगारांमध्ये सेवा करायला गेले. त्या माणसांच्या हालांपुढे आपल्याजवळ द्यायला काहीच नाही, हे त्यांना फार लागले. एका रात्री झोप येत नसताना त्यांच्या डोळ्यांपुढे वधस्तंभ उभा राहिला. स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामधली सगळी जागा व्यापणारा, हरलेल्या माणसालाही कवेत घेणारा वधस्तंभ. तिथून त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली.

१९३६ साली त्यांचे हेलन यांच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी दोघे चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून मद्रासला आले. थोड्याच दिवसांत बसच्या अपघातात लेस्ली यांचा पाय इतका मोडला की उपचारांसाठी त्यांना परत जावे लागले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. ते १९३९ साली परत आले आणि कांचीपुरमला राहिले. तमिळ भाषा त्यांनी मनापासून शिकून घेतली.

याच काळात ते आठवड्यातून एक संध्याकाळ रामकृष्ण मिशनच्या मठात जात. तिथल्या संन्याशांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसत. एकदा उपनिषदांचा अभ्यास होई, एकदा योहानाच्या शुभवर्तमानाचा. मठाच्या दालनात थोर धर्मपुरुषांच्या तसबिरी होत्या. त्यांत येशूचीही तसबीर होती आणि नाताळच्या दिवशी तिच्यापुढे पूजा होत असे. न्यूबिगिन यांना त्यामागचे प्रेम दिसले. पण इथे येशूला आधीपासून तयार असलेल्या चौकटीत एक जागा दिली आहे, ती चौकट मात्र होती तशीच राहिली आहे, हेही त्यांना जाणवले. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की त्यांच्या स्वतःच्या देशातल्या मंडळीनेही हेच केले होते. तिची चौकट आधुनिक युरोपची होती, एवढाच फरक.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. अवघ्या सदतिसाव्या वर्षी न्यूबिगिन मदुराई आणि रामनाडचे बिशप झाले. पुढे काही वर्षे त्यांनी जागतिक मिशन संस्थांमध्ये काम केले आणि १९६५ साली ते मद्रासचे बिशप म्हणून परतले.

निवृत्तीनंतर इंग्लंडला पोहोचल्यावर मात्र त्यांना धक्का बसला. मद्रासच्या झोपडपट्टीत त्यांनी आशा पाहिली होती. उद्याचा दिवस बरा असेल असे तिथली माणसे मानत. इंग्लंडमध्ये पैसा होता, पण ती आशा त्यांना कुठे दिसेना. त्यांनी बर्मिंगहॅमला काही वर्षे शिकवले. मग सत्तरीत असताना त्यांनी विन्सन ग्रीन या गरीब वस्तीतल्या, तुरुंगासमोरच्या एका लहानशा मंडळीचे पाळकपण स्वीकारले. ती मंडळी बंद करायची वेळ आली होती. ते घरोघर भेटी देत. भारतातून आलेली कुटुंबे त्यांना आत बोलावून बसवत. इंग्रज घरांची दारे मात्र पुष्कळदा तोंडावर बंद होत. विरोधापेक्षा ही थंड बेपर्वाई सोसणे त्यांना अधिक जड गेले.

असे का होते, याचा त्यांनी मुळापासून शोध घेतला. त्यांच्या लक्षात आले की या संस्कृतीने आयुष्याचे दोन भाग केले आहेत. एका भागात वस्तुस्थिती, जी सर्वांना मान्य करावीच लागते. दुसऱ्या भागात श्रद्धा आणि मूल्ये, जी ज्याने त्याने आवडीप्रमाणे निवडावीत. मी वाणिज्य शाखेत शिकतो, तिथले उदाहरण देतो. ताळेबंद जुळला की नाही, यावर वर्गात मतभेद चालत नाहीत. पण पैसा कशासाठी कमवायचा, हा प्रश्न निघाला की तो ज्याचा त्याचा खाजगी ठरतो. मग येशू मेलेल्यांतून उठला, ही बातमीही खाजगी आवडीच्या खात्यात टाकली जाते.

यावर न्यूबिगिन यांनी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट घेतली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्येक धर्माला सत्याचा एकेक तुकडा सापडला आहे, असे तिचे तात्पर्य सांगतात. न्यूबिगिन यांनी लक्ष वेधले ते राजाकडे. आंधळे चाचपडत आहेत हे राजाला कळते, कारण त्याला संपूर्ण हत्ती दिसतो. मग सर्व धर्म चाचपडत आहेत असे जो म्हणतो, तो नकळत राजाच्या जागी बसलेला असतो. ऐकायला नम्र वाटणारे हे बोलणे खरे तर फार मोठा दावा आहे.

विज्ञानसुद्धा विश्वासावाचून चालत नाही, हे त्यांनी रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांच्या विचारांच्या आधारे दाखवले. शास्त्रज्ञ आधी काहीतरी गृहीत धरतो, त्यावर आयुष्य पणाला लावतो आणि सापडलेले सत्य सर्वांपुढे तपासायला ठेवतो. ख्रिस्ती माणसानेही तसेच करावे. तो न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे. साक्षीदार जे पाहिले ते उघडपणे सांगतो, उलटतपासणीला सामोरा जातो आणि निकाल न्यायाधीशावर सोडतो. म्हणून कोणाचे तारण होईल याच्या याद्या करायला न्यूबिगिन यांनी नेहमी नकार दिला. तो अधिकार देवाचा आहे, असे ते मानत.

१९८९ साली त्यांचे बहुलवादी समाजातील सुवार्तेवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. त्यात त्यांनी सांगितले की लोकांना सुवार्ता खरी वाटावी असे वाटत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवून त्याप्रमाणे जगणारी मंडळी त्यांना दिसली पाहिजे. हे लिहिणाऱ्या माणसाने तुरुंगासमोरच्या मूठभर लोकांची सेवा केलेली होती, म्हणून त्या शब्दांना वजन आहे.

शेवटी त्यांची दृष्टी गेली. इतर लोक त्यांना वाचून दाखवत आणि ते शिकवत राहिले. ३० जानेवारी १९९८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते प्रभूजवळ गेले.

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी मित्र हसून म्हणेल की हे तुझे सत्य आहे, तेव्हा आवाज चढवायची गरज नाही आणि गप्प बसायचीही नाही. त्याच्याजवळ मांडी घालून बसू या. आधी त्याचे ऐकू या. मग प्रभूने आपल्यासाठी काय केले ते साधेपणाने सांगू या, आणि निकाल प्रभूवर सोडू या.