युसूफ मेहेरअली

मुलांनो, समुद्रकाठच्या आपल्या नवापूरहून पालघर फार दूर नाही. तेथील हुतात्मा स्तंभ तुम्ही पाहिला असेल. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला इंग्रज सरकारच्या गोळीबारात पाच देशभक्त शहीद झाले. ते चले जाव चळवळीत सामील झाले होते. चले जाव ही घोषणा युसूफ मेहेरअली यांनी सुचवली, असे मानतात.

मेहेरअलींचा जन्म १९०३ साली मुंबईत झाला. ते कायदा शिकले. पण चळवळीत असल्यामुळे त्यांना वकिलीची सनद मिळाली नाही. १९२८ साली त्यांनी सायमन कमिशनविरुद्ध निदर्शने केली. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्रजांनी आपल्याला न विचारताच भारताला युद्धात ओढले. मेहेरअलींना हे मान्य नव्हते. १९४२ साली ते मुंबईचे महापौर निवडले गेले. तुरुंगवासात त्यांची प्रकृती खालावली.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. त्याच वर्षी २ जुलैला मेहेरअली वारले. ते जन्मले इंग्रजांची प्रजा म्हणून; वारले स्वतंत्र भारताचे नागरिक म्हणून.

प्रजेला कोणी विचारत नव्हते. नागरिकाला मत विचारले जाते. अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्ही मत द्याल, तेव्हा हा फरक आठवा.